तेलिणीचं मौन

एका श्रावणात मी व्रत धरलं होतं, कुणाला टाकून बोलायचं नाही. ते ऐकून माझ्या मावससासूबाई हसल्या आणि त्यांनी ही गोष्ट सांगितली.

फार फार जुन्या काळची ही गोष्ट. एका डोंगरात बुद्धाचं लेणं होतं. लेण्याच्या दारावर उपदेश कोरलेला होता. दर पौर्णिमेला एक म्हातारी भिक्खुणी तो वाचून दाखवी. ज्याला जी ओळ भावेल, ती तो महिनाभर पाळी.

पायथ्याच्या गावात एक तेलीण होती. मनाने लोणी, पण जिभेने तिखट. एका पौर्णिमेला तिने ओळ ऐकली, ‘कठोर बोलू नये.’ इतक्यात तिला चुलीवरचं दूध आठवलं. हात जोडून ती तशीच घरी पळाली.

घरी पाहते तो काय, सून सोमा पाय घसरून पडलेली आणि ताज्या तेलाचा घडा फुटलेला. तेलिणीच्या ओठांवर नाही नाही ते आलं. पण व्रत होतं ना. तोंड उघडलं की तिखटच निघायचं, म्हणून तिने तोंड मिटलं, ते मिटलंच.

सोमा बोलणी खायची वाट पाहत राहिली. दिवस गेले, सासूबाई गप्पच.

तेली म्हणाला, “अगं, शिव्या दे, पण बोल. तुझी हाक नाही तर बैलसुद्धा घाणा ओढेना.”

तेलिणीने नुसतीच मान हलवली.

शेवटी सोमाला वाटलं, या घराला मी नकोशी झाले. तिने गाठोडं बांधलं आणि माहेरची वाट धरली. जाता जाता लेण्यातल्या स्तूपाच्या पाया पडायला ती डोंगर चढली. मागून तेलीण धापा टाकत आली. खुणा करी, पदर ओढी. सुनेला काहीच उमजेना. पाया पडून ती पायऱ्या उतरू लागली.

भिक्खुणी म्हणाली, “बाई, सून चालली. हाक का मारत नाहीस?”

तेलिणीने दारावरच्या अक्षरांकडे बोट दाखवलं. भिक्खुणीला हसू आवरेना.

“अगं, तू अर्धीच ओळ घेऊन गेलीस. पुढे कोरलंय, ‘ज्याने मन निवेल, ते बोलावं.’”

तेलीण पायऱ्यांकडे धावली.

“सोमे, थांब गं बाई. तेल गेलं तर जाऊ दे. त्या दिवशी पडलीस, लागलं का तुला?”

सोमाने गाठोडं खाली ठेवलं. डोळे पुसत म्हणाली, “गुडघा सुजलाय की, आत्याबाई. कुणी विचारलंच नाही.”

“चल, शेकून देते. आणि गाठोडं इकडे आण, सुजल्या पायाने ओझं कुठे नेतेस?”

दोघी हसत घरी आल्या. पुढे त्या घरात भांडी फुटली, तेल सांडलं, पण पुन्हा कुणी गाठोडं बांधलं नाही.

वाईट न बोलणं हे अर्धंच पुण्य. मायेचा शब्द बोललात की ते पुरं होतं.

तर लेकी-सुनांनो, बाळांनो, माझं एवढं ऐका. घरात कुणी गप्प बसलं असेल, तर आज त्याच्याजवळ जा आणि आपणहून विचारा, “लागलं का रे तुला?”