अन्नाला नावे ठेवणारे गुरुजी

एकदा एका पाठशाळेचे वृद्ध गुरुजी चार महिन्यांच्या प्रवासाहून परतले आणि हातपाय धुऊन थेट पंगतीत येऊन बसले. या पाठशाळेत एक नियम कडकपणे पाळला जाई, आणि तो गुरुजींनीच घालून दिलेला होता: पानात पडेल ते मुकाट्याने खावे, अन्नाला नावे ठेवू नयेत.

स्वयंपाक वैजयंताबाईंचा. वीस वर्षे साठ पानांचा अंदाज त्यांच्या हातात होता. मग स्तनाचा कर्करोग झाला, शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली. केस गेले ते परत आले आणि बाईही चुलीपाशी परतल्या, पण डोके पूर्वीसारखे चालेना. मीठ घातले की नाही हे आठवत नसे, म्हणून त्या पुन्हा घालत. नैवेद्यापूर्वी चाखायची पद्धत नव्हती.

गुरुजींचा पट्टशिष्य फार कनवाळू. नैवेद्य झाला की तो आमटीत गुपचूप गरम पाणी ओती. बाई सर्वांच्या शेवटी जेवत, तेव्हा आमटी ठीक लागे. काही चुकले का, असे त्या रोज विचारत आणि साठ तोंडे उत्तम म्हणत. चांगुलपणाची अशी साथच आली होती.

त्या दिवशी शिष्याला पाणी ओतायला सवड मिळाली नाही. गुरुजींनी एक भुरका घेतला, वाटी खाली ठेवली आणि भर पंगतीत म्हणाले, "वैजयंताबाई, आमटी खारट झाली आहे. तोंडात घालवत नाही."

बाई आत गेल्या. शिष्य संतापला. मरणाच्या दारातून परतलेल्या बाईचा असा पाणउतारा करायचा, आणि तोही स्वतःचाच नियम मोडून, असे त्याने गुरुजींना तोंडावर विचारले. चार महिने आपण आमटीत पाणी ओतून बाईंना चूक कळू दिली नाही, हेही सांगून टाकले.

गुरुजी म्हणाले, "नियम जिभेचे चोचले मोडण्यासाठी होता. मेलेल्या माणसाला कोणी नावे ठेवत नाही, बाळ. तुम्ही या बाईंना जिवंतपणीच त्या रांगेत बसवलेत. औषधाने त्यांच्या स्मरणाला इजा केली आहे. ती सरावाने पुष्कळ भरून येते. पण चूक कुठे होते हेच दिसू दिले नाही, तर सराव कशाचा करायचा?"

शिष्य आत गेला. बाई भिंतीला टेकून रडत होत्या. त्या म्हणाल्या, "मिठाची बरणी आठ दिवसांत रिकामी व्हायची, आणि आमटी मात्र बरोबर. मला वाटलं, वेडच लागतंय. दवाखान्यात सांगितलं होतं, असं होतं म्हणून. एका वेळी एकच काम करा, लिहून ठेवा, रोज सराव करा. मी काहीच केलं नाही. सगळं उत्तमच होतं ना."

दुसऱ्या दिवशी चुलीजवळ पाटी लागली. मीठ पडले की तिच्यावर रेघ ओढायची. तिसऱ्या दिवशी रेघ ओढली गेली आणि मीठ राहिले. शिष्याने घास गिळला आणि मोठ्या कष्टाने म्हणाला, "काकू, आज अळणी झाली आहे."

बाईंनी पाटीकडे पाहिले, मीठ आणून वाढले. मग शांतपणे म्हणाल्या, "माझ्याजवळ किती महिने आहेत, ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. त्यातले चार तू घेतलेस."

शिष्याने मान खाली घातली. बाई पुढच्या पानाकडे वळल्या आणि तिथेही त्यांनी विचारले, "काही चुकलं का रे?"