दहा हजार पाहुणे आणि पंपातलं औषध

एका गावात एक होता धोंडिबा, एक होती त्याची बायको गोजरा, आणि त्यांच्या घरात होते दहा हजार पाहुणे. घाबरू नका, भाकरी नव्हते मागत. ते होते रेशमाचे किडे. तुतीचा पाला खायचा, पोट भरलं की अंगाभोवती रेशमाचा कोष विणायचा, एवढंच त्यांना ठाऊक.

घर एकाच खोलीचं. म्हणून पाहुणे आत आणि घरधनी ओसरीवर. कोष चांगले झाले की किड्यांना वेगळी खोली बांधायची आणि आपण आपल्या घरात झोपायचं, एवढंच गोजराचं मागणं.

कोष विणायला पाच दिवस उरले. भूक अशी, की टोपलंभर पाला टाकून वळावं तर मागे नुसत्या काड्या. त्या दिवशी शेजारचा बजाबा हसत आला. त्याने वांग्यांवर फवारणी केली होती. म्हणाला, "वैनी, पंपात औषध उरलं होतं, तुमच्या तुतीलापण मारलं. घरचंच काम समजा."

गोजराच्या हातातलं टोपलं तिथंच थांबलं. धोंडिबा म्हणाला, पाहुणे उपाशी आहेत, आणि औषधच तर आहे, आपण नाही का काढा पीत?

"अहो, ते औषध कशाचं?"

"किड्यांचं."

"आणि आपले पाहुणे कोण?"

धोंडिबाने डोकं खाजवलं. "किडेच की."

तरी खात्रीला म्हणून त्याने सुपात पाच किडे घेतले आणि त्यांना एक पान घातलं. चहा पिऊन होईतो पाचही हिरवं ओकून आडवे झाले. बजाबा ते बघून मटकन खाली बसला.

गोजरा त्याला एक वाकडा शब्द बोलली नाही. एवढंच विचारलं, "भावजी, तुमच्या सासुरवाडीला तुती आहे ना?"

बजाबा उठला तो थेट सायकलवर. पाच दिवस, दिवसातून तीनदा, ओल्या गोणपाटात बांधून त्याने नदीपलीकडून पाला आणला. लोक म्हणायचे, लग्नाच्या वर्षीही हा सासुरवाडीला इतका गेला नव्हता. इकडे धोंडिबाने फवारलेला पाला कापून खड्ड्यात पुरला.

सहाव्या दिवशी पाहुण्यांनी खाणं सोडलं आणि विणायला घेतलं. घरभर मोगऱ्याच्या कळ्या पसराव्यात, तसे कोष.

कोष विकून दिवाळीच्या आत वेगळी खोली उभी राहिली. भिंती बजाबाने लिंपल्या. आता तो पंप पाठीला लावण्याआधी वारा बघतो आणि बांधावरून हाक मारतो. धोंडिबा-गोजरा घरात झोपतात. धोंडिबा मनसोक्त घोरतो, आणि पाहुण्यांची झोपमोड होत नाही.

तात्पर्य: औषध कुणावरचं आहे हे विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या ताटावर शिंपडू नये.