दात नसलेल्याची सुपारी

एकदा एका आचार्यांनी वृद्धांच्या सुखदुःखाचा अभ्यास आरंभला आणि पुढे कित्येक वर्षे तो संपवलाच नाही. दर वर्षी तीच घरे, तोच प्रश्न, "कसे आहात?" उत्तरही तेच, "मजेत!" बरोबर फिरणारा शिष्य पुरता वैतागला होता. घरोघरचे म्हातारे धडधडीत खोटे बोलतात आणि आमचे म्हातारे आचार्य मान डोलावून ऐकतात, ही कसली साधना?

त्या दिवशी एका वृद्ध व्यापाऱ्याच्या घरी तेच झाले. "मजेत! सूनबाई इकडची काडी तिकडे करू देत नाही," झोपाळ्यावरून व्यापारी म्हणाला. आचार्यांनी नेहमीप्रमाणे सुपारी मागितली. व्यापाऱ्याने आत पाहिले. "सूनबाई, यांना सुपारी देऊ का गं?" सुनेने कातरलेली सुपारी आणून दिली. बाहेर पडताच आचार्यांनी ती फेकून दिली.

शिष्याचा संयम सुटला. "तोंडात एक दात नाही, आणि घरोघर सुपारी कसली मागता?"

"उत्तर कधी बदलत नाही, म्हणून सुपारी मागतो," आचार्य म्हणाले. "पूर्वी हा स्वतः अडकित्त्याने कातरून द्यायचा. बोट कापेल म्हणून सुनेने अडकित्ता फळीवर ठेवला, तेव्हा ‘सुपारी आण’ म्हणू लागला. आज त्याने परवानगी मागितली. जपता जपता माणसाला त्याच्याच घरात पाहुणा करतात, ते असे."

अशा गोष्टींत शिष्याने आता नमस्कार करायचा असतो. त्याने केला नाही.

"वा! आणि तुम्ही नुसते बघत बसलात? तो पाहुणा होत गेला, तुम्ही सुपाऱ्या फेकत गेलात!"

शिष्य तडक व्यापाऱ्याच्या घरी मागे फिरला.

"वहिनी, अडकित्ता द्या. आजोबांच्या हातची सुपारी हवीय."

"अहो, बोट कापलं म्हणजे त्यांचं?"

"कापलं तर माझं कापेल ना!" व्यापाऱ्याचा झोपाळा करकरला. "दे इकडे."

सून चपापली. मग फळीवरचा अडकित्ता काढायला स्टुलावर चढली.

व्यापाऱ्याने सुपारी कातरली, तुकडे जाडेभरडे पडले. आचार्य उंबऱ्याशी येऊन उभे होते. त्यांनी हात पुढे केला, तुकडा गालात धरला, आणि या वेळी वाटेत तो फेकला नाही.

घरच्या म्हाताऱ्यांना "कसे आहात" विचारून सुटका करून घेऊ नका. त्यांच्याकडे काहीतरी मागा.