तेजू-शेवंतीचं बारसं

मोगऱ्याच्या मळ्यापलीकडे, एका इवल्याशा झोपडीत शेवंती राहायची. वय सात, फ्रॉकला चार ठिगळं आणि बोटांना कायम मोगऱ्याचा वास. तिची आई गजरे करून विकायची. गजरे खपले तर भाकरी, नाहीतर नुसती पेज.

पण शेवंतीला भुकेपेक्षा एक प्रश्न जास्त टोचायचा. ती अडीच वर्षांची असताना आईने तिला अनाथ मुलांच्या घरातून आणलं होतं. तेव्हा तिचं नाव होतं तेजू. मग आपण तेजू की शेवंती? आपली खरी आई कोणती? आळीतल्या आज्यांना विचारलं, की त्या म्हणायच्या, मोठी झालीस की कळेल. उत्तर येत नसलं की मोठी माणसं नेहमी असंच म्हणतात.

एका लख्ख सकाळी शेवंती मळ्यात बसली असताना तिच्या टोपलीतला सगळ्यात लांब गजरा थरथरू लागला. त्यात एक चिमुकली, चंदेरी-निळी परी अडकली होती. तिच्या पंखांना दोरा गुंडाळला होता. संध्याकाळची भाकरी त्याच गजऱ्यावर होती, तरी शेवंतीने दोरा तोडला. पांढरीशुभ्र फुलं टपटप मातीत पडली.

परी झुळझुळ हसली. म्हणाली, "एक इच्छा माग, सोनुली. पण बारशाला कानात कुर्रर्र करून जे नाव सांगितलं, त्याच नावाने मागायची. आणि ऊन कलायच्या आत."

इच्छा तर तयारच होती. मला माझी खरी आई दाखव. पण नाव कुठलं? शेवंती धावत घरी गेली.

आईचे गजरा ओवणारे हात थांबले. "तुझं बारसं झालंच नाही गं. तुझ्या आत्याबाई म्हणाल्या, चालत्या मुलीचं कसलं बारसं, नाव आहेच की तिला. मी गप्प बसले. चुकलंच माझं."

"मग आता कर."

"अगं, बारशाला आत्या लागते."

"बारशाला मी लागते," शेवंती म्हणाली.

आईने हातातला गजरा खाली ठेवला. मग तिने पेटीतून आपलं हिरवं लुगडं काढून पेरूच्या फांदीला झोळी बांधली. झोळीतून एकीकडे शेवंतीचे गुडघे बाहेर, दुसरीकडे वेण्या. आई वाकली आणि उजव्या कानात कुर्रर्र करून म्हणाली, "शेवंती." मग डाव्या कानात म्हणाली, "तेजू. कुणीतरी मायेनेच ठेवलं असेल. ते पुसणारी मी कोण?"

शेवंतीला गुदगुल्याही झाल्या आणि रडूही आलं.

ती मळ्यात परतली. आता नावं होती, पण इच्छेचाच गुंता झाला होता. एक आई खरी, तर दुसरी काय खोटी? झोळी बांधणारी? की तेजू म्हणणारी? काही सुटेना. ऊन कलू लागलं.

"मी तेजू-शेवंती," ती म्हणाली. "माझ्या पहिल्या आईच्या कानात सांग, मी बरी आहे."

"तुला तिला पाहायचं होतं ना?"

"अजून पाहायचंय. पण ती काळजीत असली तर?"

परीने गिरकी घेतली. सोनेरी, गुलाबी, निळा उजेड मळाभर सांडला आणि परी त्यात विरून गेली. तुटलेला दोरा आपसूक जुळला होता. टोपली ताज्या गजऱ्यांनी काठोकाठ भरली होती.

तेवढ्यात डाव्या कानात कुणीतरी हळूच म्हणालं, "तेजू." आवाज ओळखीचा नव्हता, तरी ऊबदार होता. त्याच क्षणी झोपडीतून हाक आली, "शेवंते, जेवायला ये गं."

आधी कुणाला उत्तर द्यायचं, तिला कळेना. मग तिने छाती भरून श्वास घेतला आणि दोघींना मिळून एकच मोठ्ठी "ओ" दिली.