पोशाची जागा

फार फार वर्षांमागची गोष्ट. किती वर्षांमागची ते समुद्राला विचारा, मला नको.

एका बंदरात हिराजी आणि पोशा असे दोन कोळी राहत. दोघे जिवाभावाचे मित्र. होड्या किनाऱ्याला लागल्या की सगळे कोळी वाळूत गोल करून बसत आणि फाटलेली जाळी सांधत. हात चालत, त्याहून तोंडं जास्त चालत. पोशा बसे हिराजीच्या उजव्या हाताला, आणि तिथून एकेकाची टर उडवी.

पुढे पोशाला दम्यानं धरलं. चार गाठी मारल्या की धाप लागे. ते बघून हिराजीचा जीव तुटे. एके दिवशी त्यानं पोशाच्या हातातून जाळ्याची सुईच काढून घेतली. म्हणाला, "घरी पड बाबा. तुझ्या वाटणीची मासळी घरपोच येईल. हिराजी अजून मेलेला नाही!"

शब्दाला जागला हो हिराजी! रोज ताजी मासळी पोशाच्या घरी गेली. हिराजी स्वतः मात्र गेला नाही. आजारी माणसाला कशाला बोलायला लावा, असं म्हणे. गोलातल्या पोशाच्या जागेवर दुसराच कुणी बसू लागला. अशी दोन वर्षं सरली.

एकदा पोशाची बायको वाळू तुडवत आली. "भाऊजी, मासळी पुरे आता. चार दिवस ते जेवलेले नाहीत."

हिराजी धावत सुटला. पोशा भिंतीकडे तोंड करून बसला होता. मांडीवर हातभर जाळ्याचा तुकडा. एक गाठ कापी, पुन्हा बांधी. पुन्हा कापी, पुन्हा बांधी.

"हे काय रे?"

"काम," पोशा म्हणाला. "दुसरं कोण देतंय मला?"

हिराजीनं त्याचा हात धरला. "ऊठ, चल. तुझी जागा आत्ता मोकळी करतो."

"दोन वर्षांत एकदा दारात येऊन 'चल' म्हणाला असतास, तर रांगत आलो असतो रे. दम्याशी माझं जमलं होतं. आता मनच उठत नाही."

हिराजी लहान पोरासारखा रडला.

दुसऱ्या दिवसापासून तो जाळं घेऊन पोशाच्या अंगणातच बसू लागला. सगळा गोल त्याच्यामागे आला. उजव्या हाताची जागा हिराजी रिकामी ठेवी. महिन्यातून एखादे दिवशी पोशा येऊन बसे, दोन गाठी मारी आणि आत जाई. टर मात्र त्यानं पुन्हा कुणाची उडवली नाही.

म्हणून सांगतो, लहानथोरांनो: आजाऱ्याचं ओझं घ्यावं, त्याची जागा घेऊ नये.