पांढऱ्या दगडावर बसलेली खार

मोहाच्या झाडांनी भरलेल्या एका जंगलात कोल्ह्याचे कोठार होते. कोठार म्हणजे डोंगराच्या पोटातली एक कोरडी गुहा. मोहाची फुले उन्हात वाळवून तिथे ठेवली की पावसाचे चारही महिने टिकत. जंगलात दुसरी अशी जागा नव्हती. म्हणून वानर आणि खारी कोल्ह्याकडे कामाला येत, फुले वेचत, त्यांतला कचरा निवडत, खडकावर वाळत घालत, आणि मजुरी म्हणून त्याच गुहेत आपापला ढीग वाढवत. वानर दिवसभर राबत. खारींची पिल्ले लहान होती, म्हणून त्या दुपारपर्यंतच येत आणि अर्धीच मजुरी घेत.

आता वेळ मोजायची कशी? मुलांनो, हे जरा लक्ष देऊन ऐका, कारण पुढचे सारे भांडण यावरच आहे. कोठारासमोर सागाचा एक वाळका, उंच सोट उभा होता. दुपारी त्याची सावली जवळच्या पांढऱ्या दगडाला टेके, तेव्हा खारींचे काम संपे. संध्याकाळी तीच सावली लांबत जाऊन दूरच्या काळ्या दगडाला टेके, तेव्हा वानरांचे संपे. वानर आणि खारी यांचा संघ एकच होता. त्या संघाने कोल्ह्याशी करार केला होता : ज्याचा जो दगड, त्याच्या पुढे सावली गेल्यावर त्याला थांबवून घेतले, तर तेवढ्या वेळाची मजुरी दीडपट. दोन्ही दगड पुरले तेव्हा एक म्हातारे कासव साक्षीला होते.

त्या वर्षी मोह फार बहरला. झाडांखाली पाय ठेवायला जागा उरली नाही. कोल्हा रोज दुपारी एकेका खारीपाशी येऊन म्हणे, "खारूताई, एवढा खडक पसरून झाला की जा." तो खडक झाला की दुसरा असे. अकरा दिवस असे गेले. बाराव्या दिवशी सकाळी एका खारीने आपला ढीग पाहिला. दुपारनंतरच्या कामाची मजुरी त्यात साध्या दरानेच पडली होती.

"कोल्होबा, दीडपट ठरली होती," ती म्हणाली.

"दीडपट? अगं, वानर काळ्या दगडापर्यंत साध्या मजुरीवर राबतात. तू दुपारनंतर थांबलीस, तरी दिवस त्यांच्यापेक्षा लहानच भरतो तुझा. काळा दगड ओलांड, मग माग."

"मग पांढरा दगड कशाला पुरला?"

"तुम्हाला लवकर घरी जाता यावं म्हणून. माझी माया समज."

खारीने कासवाकडे पाहिले. ते पाण्याच्या काठाशी बसले होते. "कासवआजोबा, तुम्ही होतात ना तिथे?"

कासव बोलणार इतक्यात कोल्हा गोड आवाजात म्हणाला, "आजोबा, तुम्हाला पक्कं आठवतं? इतके पावसाळे पाहिलेत. एखादी गोष्ट इकडची तिकडे झाली तर तुमचा काय दोष?"

कासवाने मान थोडी आत ओढली. "मला आठवतं तसं... पण शपथेवर कसं सांगू? माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल तर?" असे म्हणत म्हणत ते पुरते कवचात गेले.

मग कोल्हा वानरांकडे वळला. "ऐकलंत का? अर्ध्या दिवसाच्या खारीला दीडपट हवी. तिच्याच शेजारी, त्याच उन्हात तुम्ही साध्या मजुरीवर. चालेल तुम्हाला?"

"नाही चालायचं," सर्वांत मोठा वानर गुरगुरला. "खारूताई, तू रोज दुपारी शेपटी उडवत घरी जातेस. आमच्या पाठी भाजून निघतात."

"दुपारी जाते म्हणून मजुरीही अर्धीच घेते, वानरदादा. तुमच्या ताटातलं काही उचलत नाही."

त्या दिवशीही खारीला उशीर झाला. घरी पोहोचली तेव्हा तिच्या ढोलीखाली खोडावर एक जाडजूड धामण चढत होती. दुपारची वेळ धामणीची, म्हणून तर खारीने अर्धा दिवस पत्करला होता. ती जिवाच्या आकांताने ओरडली, सालपटे काढून धामणीच्या डोक्यावर टाकत राहिली. शेवटी धामण कंटाळून उतरली. ढोलीत तिन्ही पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसली होती.

खार रडली नाही. तिने हिशेब वेगळाच मांडला. कोल्ह्याला आपली दुपार साध्या दरात मिळते, म्हणून तो रोज मागतो. ती महाग पडली असती, तर त्याने दोन वानर जास्त लावले असते. दीडपट ही नुसती मजुरी नव्हे; आपल्या दुपारभोवतीचे ते कुंपण आहे, आणि कोल्ह्याने ते उपटले आहे.

दुसऱ्या दिवशी सावली पांढऱ्या दगडाला टेकली. खारीने हातातले फूल खाली ठेवले आणि दगडावर जाऊन बसली. बाकीच्या खारींनीही फुले ठेवली.

"हे काय?" कोल्ह्याने विचारले.

"आमची वेळ संपली."

"मग घरी जा."

"जाऊ. पिल्लांपाशी आळीपाळीने दोघी-दोघी जातील. बाकीच्या इथेच बसणार. हा दगड नुसता मायेचा आहे म्हणता ना, उद्या उपटून टाकाल. म्हणून राखण."

"काम कमी असतं तेव्हा मी तुम्हाला याच दगडावरून हसत निरोप देतो," कोल्हा म्हणाला.

"तेच विचारायचं आहे. काम नसलं की आमचा दिवस या दगडावर संपतो, आणि काम असलं की त्या दगडावर. कोल्होबा, तुमच्या आभाळात सूर्य किती आहेत?"

कोल्ह्याने खारींचे काम वानरांच्या गळ्यात घातले. वानर खारींना शिव्या देत राबले. संध्याकाळी सावली काळ्या दगडाला टेकली, आणि मोठा वानर हात झटकून उठला.

"बसा, बसा," कोल्हा म्हणाला. "अजून चार खडकांवरची फुलं आत न्यायची आहेत."

"नेतो की. दीडपट ना?"

"आज कसली दीडपट? खारींचं काम राहिलं, ते तुम्ही पुरं करताय. एकाच संघाचे ना तुम्ही? काम संपलं की दिवस संपला. दगड काय, दगडच असतो."

मोठा वानर उभाच राहिला. त्याने काळ्या दगडाकडे पाहिले, मग पांढऱ्या दगडाकडे. तिथे खार अजून बसली होती. तो खाली मान घालून गेला आणि तिच्याशेजारी बसला. "सरक थोडी," तो म्हणाला. त्याच्यामागे सारे वानर आले.

तिसऱ्या दिवशीही कोणी उठले नाही. झाडांखाली फुले आंबू लागली. रानडुकरे आली आणि निवांत खाऊ लागली. एकटा कोल्हा त्यांच्यावर भुंकून भुंकून थकला.

तेव्हा पाण्याकाठचे कवच हलले. कासव हळूहळू चालत सोटापाशी आले. "मी तीन दिवस स्वतःलाच उलटसुलट विचारतो आहे," ते म्हणाले. "एवढा वेळ लावला, याची मला लाज वाटते. करार 'ज्याचा जो दगड' असाच झाला. पांढरा दगड पुरताना माझ्या पायावर माती पडली होती. माझं चुकत असेल, अशी भीती मला आताही वाटते. पण भीती वाटते म्हणून खरं बोलायचं टाळलं, तर त्याचा फायदा नेहमी कोल्ह्यालाच होतो."

कोल्ह्याने डुकरांकडे पाहिले. "बरं," तो म्हणाला. "आजपासून ज्याचा जो दगड. झालं? उठा आता."

वानर उठू लागले. खार उठली नाही.

"आजपासून नाही. मागचे बारा दिवसही."

"जुनं कशाला उकरतेस?"

"त्या बारा दुपारी माझी पिल्लं एकटी होती. त्यांना त्या जुन्या वाटत नाहीत."

वानर पुन्हा खाली बसले. कोल्ह्याने गुहेत जाऊन स्वतःच्या हातांनी खारींच्या ढिगांत राहिलेली फुले टाकली. बाहेर येऊन तो मऊ आवाजात म्हणाला, "खारूताई, आता दीडपट नक्की. आज थांबतेस ना?"

खारीने सोटाकडे पाहिले. सावली पांढऱ्या दगडाला नुकतीच टेकली होती.

"आज नाही," ती म्हणाली, आणि शेपटी उडवत घरी गेली.

तात्पर्य : काम अर्ध्या दिवसाचे असले म्हणून हक्क अर्धा होत नाही, आणि शेजाऱ्याचा दगड पुसला जात असताना आपण गप्प बसलो, तर संध्याकाळपर्यंत आपलाही पुसला जातो.