दिगूची पहिली आंघोळ

"…मग सुरू करू की नको? एवढंच सांगा, बाबा."

रेवणबाबा मठाच्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. एक शेंग फुटली, दाणे सुपात पडले. त्यांनी दुसरी उचलली.

समोर दिगंबर बसला होता. मांडीवर पिशवी, पिशवीत डबा.

हा दिगंबर बाबाबुवांच्या वाटेला जाणारा माणूस मुळीच नव्हे, बरं का! पुण्यात बोलणारी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत तो साहेब. गावी आला की टेकडीवरच्या या मठाकडे बघून हसायचा. पण खाली घरात आई अन्नाला शिवत नव्हती. डॉक्टरांनी सलाइन लावलं, तर तिनं सुई उपटून टाकली. शेवटी शेजारच्या कौसाबाई म्हणाल्या, "दादा, एकदा वर जाऊन या. बाबा काय म्हनतेत ते बघा." तेव्हा कुठे स्वारी टेकडी चढली.

"काढ बघू तो," बाबा म्हणाले.

दिगंबरनं डबा काढून ओट्यावर ठेवला. पांढरा, तळहाताएवढा, पुढून जाळी.

"हा बोलतो?"

"माझ्या आवाजात बोलतो."

"आणि तू?"

"मी… पुण्यात असतो, बाबा."

"हं."

दिगंबरला ते 'हं' झोंबलं. लोकांना काय जातंय हं करायला? वडील गेल्यावर आईला पुण्याला न्यायचे सगळे प्रयत्न त्यानं केले होते. ती चार दिवसांत परत पळून यायची. तिला तिथे बोलायला माणूस नव्हतं, आणि इथे त्याला यायला वेळ नव्हता. दोघांचंही खरं होतं, आता काय करता! मग त्याला तिचा विसरभोळेपणा वाढलेला दिसायला लागला. गोळ्या राहायच्या, गॅस चालू राहायचा. तेव्हा त्यानं स्वतःचा आवाज देऊन असाच एक डबा तयार करवला आणि गावी आणून फळीवर ठेवला. सकाळी डबा म्हणायचा, "आई, गोळी घेतलीस का?" दुपारी म्हणायचा, "आई, जेवलीस का?" ती काही सांगायला लागली की "मग? पुढं काय झालं?" असं विचारायचा. कंपनीत दिगंबरचं फार कौतुक झालं. लोक म्हणाले, मुलगा असावा तर असा.

"रागावतो का हा?" बाबांनी विचारलं.

"नाही. ते काढून टाकलंय."

"तिनं तीच गोष्ट परत सांगितली तर?"

"पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकतो."

"तू ऐकायचास?"

फोनवर दिगंबर म्हणायचा, आई, हे सांगितलंयस तू मला. मीटिंगमध्ये आहे, आई. ठेवू का, आई?

"मग पोरगा चांगलाच होता की," बाबा म्हणाले आणि शेंग फोडली.

दिगंबरच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "बाबा, पोरगा मी आहे!"

"हो का…"

आता पुढचं सांगताना मलाही जड जातं. पण सांगायला हवंच.

या दिवाळीला दिगंबरचं येणं रद्द झालं. नवं यंत्र बाजारात यायचं होतं, सुट्टी कुणालाच नव्हती. आईला वाईट वाटू नये म्हणून त्यानं पुण्यात बसून डब्यात चार लाडाच्या ओळी घातल्या. लहानपणी पहिल्या आंघोळीला तो आईच्या गळ्यात पडून जे बोलायचा, तेच. दिवाळीच्या पहाटे डबा बोलला, "आई, ऊठ ना. मला उटणं लाव ना गं. आज पहिली आंघोळ!"

म्हातारी उठली. अहो, न उठून सांगते कुणाला? तिचा दिगू आला होता. तिनं बंब पेटवला. अंगणात पाट मांडला, पाटाभोवती रांगोळी काढली. डबा फळीवरून उतरवून पाटावर ठेवला. त्याला वासाचं तेल लावलं, चांगलं जिरवून जिरवून. उटणं चोळलं. आणि मग "डोळे मीट रे बाळा" म्हणत कढत पाण्याचा तांब्या वरून ओतला.

डबा एकदा खरखरला. मग गप्प झाला तो झालाच.

ती बराच वेळ हाका मारत होती. कौसाबाई धावत आल्या, तेव्हा ती पाटाशी बसून बडबडत होती, "पानी लई कढत घेतलं गं मी… लेकरू भाजलं माझं… माझ्याच हातानं गेलं…"

कौसाबाईंनी फोन केला. दिगंबर गाडी हाकत आला. आला, घरात शिरला, आईचे दोन्ही हात धरले. "आई! अगं, मी दिगू! हा बघ ना, आलोय मी! मला काही झालेलं नाही!"

तिनं हात सोडवून घेतले. डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि सरकून बसली.

"दादा, लांब बसा," ती म्हणाली. "घरात सुतक हाय. माझा दिगू गेला."

जिवंतपणी स्वतःच्या आईच्या तोंडून हे ऐकायचं! दिगंबरनं आधार कार्ड दाखवलं, लग्नातला फोटो दाखवला, लहानपणी विळ्यानं कापलेलं बोट दाखवलं. ती म्हणाली, "बरुबर हाय दादा. त्याचंबी असंच कापलं हुतं." तो ओरडला. तिनं तेही शांतपणे ऐकून घेतलं. दुःखात कुणी ओरडलं तर आपण नाही का ऐकून घेत, तसं.

डॉक्टर म्हणाले, यंत्र दुसरं आणा आणि लावा चालू. मुलाचा आवाज ऐकला की खाईल. कंपनीतल्या माणसानं रातोरात दुसरा डबा पाठवला. तोच आवाज, त्याच आठवणी.

तो डबा आता ओट्यावर होता, आणि दिगंबरचा हात काही बटणापाशी जाईना.

"हा बोलला की ती जेवेल," तो म्हणाला. "मला माहीत आहे, जेवेल. पण मग मी कोण, बाबा? मग तिला मी कधीच… कधीच दिसणार नाही. आणि नाही लावला, तर ती माझ्यासमोर उपाशी मरेल. माझ्यासाठी रडत रडत, माझ्यासमोर."

साहेब मठाच्या ओट्यावर पोरासारखा हुंदके देऊन रडला.

बाबांनी सूप बाजूला सारलं.

"कर सुरू. ऐकू तरी दे."

दिगंबरनं डोळे पुसून बटण दाबलं. थोडा वेळ काहीच नाही. मग दिगंबरचाच आवाज, पण किती मऊ!

"आई, जेवलीस का?"

खाली गावात कुठेतरी फटाका वाजला.

"आई, जेवलीस का? सांग ना."

"उत्तर नाही दिलं तर?" बाबांनी हळूच विचारलं.

"परत विचारतो."

"कुठवर?"

"चार्जिंग आहे तोवर. विजेला लावला तर… विचारतच राहतो."

"पुढच्या दिवाळीला ती परत पाणी ओतेल."

"याच्यात पाणी जात नाही. आम्ही ते सुधारलंय." हे सांगताना त्याला जराशी ऐट वाटली आणि लगेच स्वतःची शरमही.

"म्हणजे हा मरायचा नाही."

"नाही."

"आणि ती?"

दिगंबर डब्याकडे बघत राहिला. त्याला आपलं घर दिसलं. कडी लावलेलं. आत फळीवर डबा, समोर रिकामी बाज…

"आई, जेवलीस का?"

त्यानं झडप घालून बटण बंद केलं.

बाबा उठले आणि आत गेले. चूल पेटवल्याचा धूर बाहेर आला. मग भाकरी थापल्याचा आवाज. दिगंबर थक्कच झाला. इथे माणसाचा जीव टांगणीला लागलाय आणि याला जेवण सुचतंय! उठून चालू लागावं, असं त्याच्या मनात आलं. पण जाणार कुठे? खाली गेलं की आई, आणि आई म्हणणार, दादा, लांब बसा.

"कडू घास कुणी आणला?" आतून बाबांनी विचारलं.

"काय?"

"तुमच्या घरात चूल बंद आहे म्हणतोस. सुतकाच्या घरी पहिला घास बाहेरचं माणूस आणतं. पिठलं-भाकरी आणायची, बळंच भरवायची. त्याशिवाय त्या घरातलं कुणी तोंडात काही घालत नाही. तो कुणी आणला?"

"कुणाच्या नावाचा घास, बाबा? मी जिवंत आहे!"

"तिनं मागितला का?"

दिगंबर थांबला. मागितला होता. काल दुपारी आई त्याला म्हणाली होती, "दादा, तुमी कंच्या गावचे? आमच्या गल्लीला काय झालंय कळंना. माझं एवढं लेकरू गेलं, पर कुनी घास घिऊन आलं न्हाई." त्यानं तेव्हा तिच्यापुढे शिऱ्याची ताटली आदळली होती. खा म्हणून ओरडला होता. तिनं तो गोड शिरा बघून तोंड फिरवलं होतं. आणि कौसाबाईंना विचारलं, तर त्या कानावर हात ठेवून म्हणाल्या होत्या, "जित्या मानसाचा घास कसा नेऊ, दादा? माझे हात झडतील."

"मागितला होता. पण गल्लीतलं कुणी नेत नाही," तो म्हणाला.

बाबा बाहेर आले. हातात फडकं, फडक्यात भाकरी, वर पिठल्याचा गोळा. त्यांनी फडक्याला गाठ मारली आणि गाठोडं दिगंबरपुढे ठेवलं. अजून वाफ येत होती.

दिगंबरच्या लक्षात आलं, तेव्हा तो दचकून मागे सरकला.

"नाही. बाबा, नाही! मी? माझ्याच मरणाचा घास मी न्यायचा?"

"गल्लीतलं कुणी नेत नाही म्हणतोस."

"मी तिचा मुलगा आहे हो!"

"मुलाच्या हातचं ती खात नाही. घरच्या माणसाला हा घास आणता येत नाही." बाबा पुन्हा शेंगांपाशी बसले. "बाहेरचा कोण आहे तिथे, सांग."

बाहेरचा कोण होता? ज्याला ती दादा म्हणत होती, ज्याला गाव विचारत होती, तो. त्या अख्ख्या घरात तेवढा एकच बाहेरचा होता. पुण्याहून आलेला. वर्षातून एकदा, तेही घाईत येणारा.

"तिथे काय म्हणू?" त्यानं विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"लोक काय म्हणतात?"

"ऐकलं… फार वाईट झालं…"

"हं."

"मग ती जेवेल?"

"मला काय ठाऊक?"

"आणि मला ओळखेल? कधीतरी?"

बाबांनी मान हलवली. हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही. दिगंबर त्या मानेकडे आशेनं बघत राहिला, पण ती पुन्हा हलली नाही.

मग तो उठला. बूट घालताना त्याला नाडी बांधता येईना, तशीच सोडून दिली. गाठोडं त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरलं. डबा ओट्यावरच राहिला होता.

"हा इथे ठेवू का, बाबा?"

"मला कशाला? माझी आई कधीच गेली."

दिगंबरनं डबा उचलून पिशवीत टाकला आणि पायऱ्या उतरू लागला. सावकाश उतरत होता. लांबून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, कुणाकडे तरी भेटायला चाललाय, वाईट झालेलं दिसतंय.

अर्ध्या पायऱ्यांवर तो थांबला आणि त्यानं वळून बघितलं.

"बाबा… घास तोंडाशी धरला आणि ती रडायला लागली तर?"

रेवणबाबांनी सुपातून नजर वर केली.

"रडू दे. तूही रड. पण 'आई, मी आहे ना', एवढं मात्र म्हणू नकोस."